वेनिंगची जट

माझ्या दुकानात बाई आली की आधी दार लावून घेते, मग हिजाब सोडते आणि मग मूठ उघडून दाखवते. मुठीत केसांचा पुंजका. "हे बघा बुदे, आज सकाळचे." बुदे म्हणजे मोठी मावशी; इथे सगळ्याच मला तशी हाक मारतात. जणू ते मीच चोरले होते आणि आता जागच्या जागी लावून देणार आहे.

दियेंगच्या पठाराखाली, बाजाराच्या गावात माझं केस कापायचं दुकान आहे. बाळंतपणानंतर केस गळतात, टायफॉइडनंतर गळतात. त्यांना मी सांगते, धीर धर बाई, आपोआप येतील. ओल्या केसांचा करकचून अंबाडा घालून वर दिवसभर हिजाब ताणला, की कपाळावरची रेघ मागे सरकायला लागते. तिला मी सैल बांधायला सांगते आणि ती ऐकत नाही. कुणाचं रक्त कमी, कुणाचं थायरॉइड बिघडलेलं. त्यांना दवाखान्याची वाट दाखवते. पुरुषांचं तर विचारूच नका. बापाची जमीन पोराला मिळेल न मिळेल, टक्कल नक्की मिळतं. आमच्या बाजारातला कोंबडीवाला रोज सकाळ-संध्याकाळ बाटलीतलं औषध डोक्याला लावतो. मी म्हटलं, "येतील थोडे, पण लावायचं थांबवलंत की परत जातील. जन्मभर लावावं लागेल." तर म्हणतो, "म्हणजे बायकोसारखंच की. सांभाळत राहायचं."

सांगायचं काय, तर डोक्याच्या बाबतीत मला धक्का बसावा असं काही जगात उरलंय, असं मला वाटत नव्हतं.

मे महिन्यात माझ्या धाकट्या बहिणीचा, तारवीचा, फोन आला. मला ती म्बाक म्हणते, म्हणजे ताई. ती वर पठारावर राहते. नवरा गियांतो बटाटे लावतो, मुलगी वेनिंग पहिलीत, आणि फेब्रुवारीत, पावसाळा संपता संपता झालेलं एक बाळ. फोनवर तारवी इतक्या जोरात बोलत होती की खुर्चीतल्या बाईनेही ऐकलं.

"म्बाक! वेनिंगला जट आली!"

खुर्चीतली बाई ओले केस घेऊन तशीच उठली आणि माझे हात हातात घेऊन म्हणाली, "भाग्यवान आहात हो."

आहोतच. आमच्या पठारावर एखाद्या पोराला ताप भरतो, ताप उतरता उतरता केसांचा गुंता होतो आणि त्याची जट बनते. ते केस पोराचे नसतात, पठाराच्या मूळपुरुषाचे असतात. त्यांना फणी लावायची नाही, कात्री लावायची नाही. मूल आपण होऊन काहीतरी मागेल, ते त्याला द्यायचं, आणि मगच जट उतरवायची. कुणी बकरी मागतं, कुणी बदकाची अंडी. एका पोराने शेजाऱ्याचा कोंबडा मागितला होता, तोच पाहिजे, दुसरा नको. मागणं न पुरवता कापली तर जट परत येते आणि पोर तापाने फणफणतं. मी हे मानते. उगाच शहरी शहाणपणा सांगत नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलीची जट तिच्या बापाने रागाच्या भरात उडवली होती. तिला बाकावरच आकडी आली, ते मी या डोळ्यांनी पाहिलंय.

तेव्हा रविवारी मी दुकान बंद केलं, कोंबडी घेतली, वेनिंगसाठी रंगीत फिती घेतल्या आणि स्कूटर काढून वर गेले. आनंदाने गेले.

पठारावर घर म्हणजे स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघर म्हणजे चूल. थंडीमुळे सगळे तिथेच शेकत बसतात. आत पाऊल टाकलं तर चुलीजवळची सगळ्यात ऊबदार जागा वेनिंगची. गियांतोच्या मांडीवर बसली होती, डोक्यावर कानापर्यंत ओढलेली लोकरी टोपी. बाळ झाल्यापासून त्या घरात तिचं नाव एकाच वाक्यात ऐकू यायचं: "वेनिंग, बाहेर जा, बाळ उठेल." आज काय थाट! मी आणलेल्या कोंबडीची तंगडी आधी तिला. चहा आधी तिला. शेजारच्या बायका येत होत्या आणि तिचा हात धरून आपल्या पोराबाळांच्या डोक्यावर ठेवून घेत होत्या. तारवी बाळाला झोळीत थोपटत होती आणि लेकीकडे बघून हसत होती. तिचे स्वतःचे केस बाळंतपणानंतर इतके गळले होते की वेणीची शेपटी झाली होती, पण त्या दिवशी त्याचंही तिला काही नव्हतं.

"काय राणीसाहेब," मी वेनिंगसमोर बसले. "ठरलं का काय मागायचं?"

"अजून नाही."

"बकरी?"

"नको."

"सायकल? तीन चाकांची नाही, दोन चाकांची?"

"नको."

"मग काय, आइस्क्रीमची गाडी? मालकासकट?"

ती हसली. "बघू," म्हणाली. घरात सगळे आपल्या 'बघू'वर टांगलेले आहेत, हे त्या पोरीला पुरतं कळलं होतं.

"रोज विचारतो," गियांतो कौतुकाने म्हणाला. "काही बोलत नाही. खरी जट असली की पोर घाई करत नाही, म्हणतात. ऑगस्टच्या सोहळ्यात उतरवू. सगळं गाव येईल."

मला एक खटकलं. वेनिंग माझ्याकडे वळली की मान वळत नव्हती, खांद्यासकट अख्खी वळत होती. आणि वास. बाळाच्या तेलाचा, धुराचा, आणि त्याखाली कुजलेल्या बटाट्याचा. आता बटाट्याच्या गावात कुजलेल्या बटाट्याचा वास कोण मनावर घेतो? ओसरीवर पोती रचलेली असतात, एखादं सडतंच. पण मी वेनिंगला मांडीवर घेतलं तसा वास वाढला.

जेवून पोर माझ्या मांडीवरच झोपली. अंग कोमट लागत होतं. टोपी सारखी करायला मी हात घातला आणि बोटं ओली झाली.

मी टोपी काढली.

एवढी वर्षं डोक्यांत हात घालून बसलेली बाई मी, पण असं डोकं पाहिलं नव्हतं. टाळूवर मुठीएवढा पिवळट, चिकट गोळा होता. केस पुवात भिजून, वाळून, एकमेकांना चिकटून त्याची ढलपी झाली होती. त्याखालची कातडी सुजून वर आली होती, दाबली तर दबत होती, पिकलेल्या फळासारखी, आणि कडेने बारीक बारीक छिद्रांतून पू येत होता. आणि याच पोरीचा हात लोक आशीर्वादाला आपल्या पोरांच्या डोक्यावर ठेवून घेत होते.

"म्बाक! हात काय लावतेस!" तारवी धावत आली.

"तारवी, तू हे बघितलंयस?"

"जट बघत नसतात. टोपी घाल तिला."

"पू येतोय हिच्या डोक्यातून!"

"जट येताना दुखतंच. ताप असतोच. तुला काय नवीन सांगायचं?"

"जटा मी लहानपणापासून बघतेय. जट लोंबते. ही लोंबते कुठे? ही तर चिकटून बसलीय!"

गियांतो उठून उभा राहिला. तो मला कधी उलट बोलत नाही, पण त्या दिवशी बोलला. "म्बाक, खाली राहून तुम्हाला सगळीकडे रोगच दिसतो. आमच्या घरात कधी नव्हे ते काही चांगलं आलंय. विघ्न घालू नका."

"माझे केस काही उन्हाने पांढरे झालेले नाहीत, गियांतो."

"तुमचे केस काळे आहेत. तुम्ही रंगवता."

एरवी मी हसले असते. मी तारवीचं बोट धरलं आणि झोपलेल्या पोरीच्या कानामागे, मानेवर टेकवलं. तिथे अवधाणं आली होती, गोट्यांसारखी, ओळीने. तारवीने बोट झटकन मागे घेतलं. मग पुन्हा स्वतःहून लावलं. तिचा चेहरा उतरत गेला, आणि मला तिचा इतका राग आला होता तरी ते बघवलं नाही.

"नुसतं दाखवून आणू," ती हळूच म्हणाली. "कापायचं नाही. शपथ घे."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही खालच्या सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टर हाप्सारी तरुण आहे, तोंडाने जरा फटकळ. टोपी काढली तसा तिने दिवा जवळ ओढला. चिमट्याने गोळ्याच्या कडेचा एक केस धरला आणि उचलला. ओढलाही नाही, उचलला. केस मुळासकट आला, लोण्यातून निघावा तसा. वेनिंगला कळलंसुद्धा नाही. डॉक्टरने तो काचेवर ठेवला, आत जाऊन बघून आली.

"गजकर्ण आहे," ती म्हणाली. "अंगावर गोल चट्टे उठतात ना, तेच. पोरांच्या डोक्यात शिरलं की केस तुटतात, चट्टे पडतात. हे तर खोल उतरलंय. घरात मांजर आहे?"

"पिल्लू आहे," वेनिंग म्हणाली. "माझ्याजवळ झोपतं."

"त्याचे केस गळलेत का?"

"थोडे."

डॉक्टरने माझ्याकडे बघितलं. तारवी झोळीतल्या बाळाला गच्च धरून उभी होती.

"आम्ही केमिरीच्या बियांचं तेल लावत होतो," तारवी म्हणाली. "वरून, हात न लावता."

"तेलाने जात नाही. मलमानेही जात नाही. पोटातून गोळ्या द्यायच्या, महिना-दोन महिने, मध्येच सोडायच्या नाहीत. अंडं, दूध असं काही स्निग्ध खाऊन घ्यायच्या, मग अंगी लागतात. डोकं धुवायला औषधी शाम्पू देते. घरातल्या सगळ्यांची डोकी दाखवून घ्या, फण्या उकळा, टोप्या उकळा, मांजरालाही दाखवा. आणि हा गोळा आजच कापून साफ करायचा."

"कापायचा नाही," तारवी म्हणाली.

"का?"

"जट आहे ती."

डॉक्टर इथलीच आहे. तिने हसण्यावारी नेलं नाही. "बाई, जट असू दे नाहीतर काही असू दे. याच्याखाली पू कोंडलाय."

बाळ रडायला लागलं. तारवी त्याला घेऊन बाहेर गेली, दारातून बाहेर पडताना वेनिंगलाही हाताने ओढून घेऊन गेली. मी मागे थांबले. केसांचा धंदा आहे माझा, मला एकच विचारायचं होतं.

"केस येतील ना पुन्हा?"

"कडेचे येतील. मधले..." तिने चिमटा खाली ठेवला. "मूळ जिवंत असेल तर सगळ्या केसांचं काहीतरी करता येतं. अशक्तपणाने गळले, तापाने गळले, चट्टा पडून गेले, कुठे गोळी, कुठे इंजेक्शन, कुठे नुसती वाट बघायची. पण मूळच जळून वण पडला की तिथे काही उगवत नाही. मला वाटतं मध्ये तेच झालंय. महिनाभर आधी आणली असती तर. आता रोजच्या रोज वण वाढतोय, एवढं लक्षात ठेवा."

परतताना वाटेवर मी हे सगळं तारवीला सांगितलं. स्कूटरवर मागे वेनिंग तिला टेकून बसली होती, मध्ये बाळ. तारवी वाऱ्यातून ओरडून म्हणाली, "साधे केस नसतील येत. जट येते!" गोळ्या द्यायला ती तयार होती. कात्रीला नाही. त्या वर्गातल्या मुलीची आकडी मीच तिला लहानपणी सांगितली होती, रंगवून रंगवून, आणि आता तीच माझ्या तोंडावर फेकत होती. "कापली आणि हिला काही झालं तर तू भरून देशील?"

मग मी तिच्याशी वाद घातला नाही. सरळ गावच्या आजोबांकडे, म्बाह सुमार्सोंकडे गेले. आमच्या भागातल्या जटा तेच उतरवतात. म्हातारे शेतात होते. मी पाय धरले आणि म्हटलं, "एकदा येऊन बघा. ऑगस्टपर्यंत पोरीचं डोकं उरायचं नाही."

ते तसेच चिखलाच्या बुटांनी आले. चुलीपाशी बसून टोपी काढली, बराच वेळ बघितलं. गियांतोच्या चेहऱ्यावर अजून आशा होती.

"ही त्यांची जट आहे की आजार आहे, मला नाही सांगता येणार," म्बाह म्हणाले. "दवाखान्यात सांगतात ते ऐका. पण पोरीला ती आपली वाटते. तेव्हा विचारल्याशिवाय हात लावू नका, आणि उशीरही लावू नका. आजच करू."

"सोहळ्याशिवाय?" गियांतो म्हणाला.

"गर्दी काय करणार आहे? भात लावा, एक अंडं उकडा, फुलं आणा."

दुपारची नमाज झाली. शेजारच्या चार बायका येऊन बसल्या. पांढऱ्या कापडावर वेनिंगला बसवलं. म्बाहनी तिच्यापुढे वाकून विचारलं, "बोल बाळ. काय पाहिजे तुला?"

वेनिंग रडवेली झाली होती. "आज नको," म्हणाली. "मला अजून ठरवायचंय."

"आज सांगावं लागेल."

तिने आईकडे बघितलं. बाळ अंगावर पीत होतं आणि तारवी त्याच्याकडे वाकली होती. मग तिने बापाकडे बघितलं. मग म्बाहच्या कानाशी काही बोलली. म्हाताऱ्याच्या भुवया वर गेल्या.

"मोठ्याने सांग. सगळ्यांना ऐकू दे."

"ती परत यावी," वेनिंग म्हणाली. "कापली की परत यावी. तिथेच. अशीच."

बायका खळखळून हसल्या. एवढंच? बकरी नाही, सोनं नाही! "गुणाची गं बाई," एक म्हणाली. गियांतो तर सुटकेने हसतच सुटला. तारवीच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघ म्बाक, खरी आहे. खोटी असती तर असं मागितलं असतं?"

माझ्या हातात दुकानातली कात्री होती. डेटॉलने पुसून आणली होती. हात तिथेच थांबला. त्या घरात अख्ख्या जगातलं काहीही मागता आलं असतं, कर्ज काढून दिलं असतं गियांतोने, आणि या पोरीने नेमकं तेच मागितलं जे आता कुणीच देऊ शकत नव्हतं. जट सोडा, साधा केस उगवायचा नव्हता तिथे.

"देता येईल?" म्बाहनी आईबापांना विचारलं.

"दिलं!" गियांतो म्हणाला.

"गियांतो, डॉक्टर काय म्हणाली ते—"

"म्बाक," तारवी माझ्याकडे न बघता म्हणाली, "कात्री घे. तुलाच कापायची होती ना?"

मी कात्री लावली. कडेकडेने, कातडीला धक्का न लावता, श्वास धरून. कात्री चार-पाचदा चालली असेल, आणि उरलेली ढलपी कापायच्या आधीच माझ्या हातात आली. अख्खी. मुळं, पू, खपल्या, सगळ्यासकट, भांड्याच्या तळाची खरवड सुटावी तशी. खाली लाल, ओली, उघडी टाळू. हसणाऱ्या बायका मागे सरकल्या. एक उठून बाहेर गेली आणि अंगणात ओकली. तारवीने बाळाचा चेहरा झाकला, बाळाला काही कळत नव्हतं तरी.

फक्त वेनिंग घाबरली नाही. माझ्या हातातला गोळा बघून तिने विचारलं, "किती दिवसांनी येईल?"

"येईल, येईल," गियांतो म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता.

गोळा पांढऱ्या कापडात बांधून तळ्यात सोडला. म्बाहनी सगळं रीतसर केलं, काही कमी ठेवलं नाही.

औषधाने गुण आला. रोज अंड्याबरोबर गोळी. पू थांबला, ताप गेला, अवधाणं विरली. बाळाच्या डोक्यात काही निघालं नाही. मी दर रविवारी जाऊन डोकं धूत होते. कडेने बारीक, काळे, मऊ केस फुटायला लागले. मध्ये मात्र अंड्याच्या टरफलासारखा गुळगुळीत गोल, माझ्या तळव्याएवढा. बोट फिरवलं की सरकायचं. डॉक्टर म्हणाली, मोठी झाल्यावर तेवढी कातडी काढून शिवता येईल, नाहीतर मागचे केस आणून लावता येतील, ते करतात मोठ्या शहरात; आता काही नाही.

"बुदे, आली?" वेनिंग दर वेळी विचारायची.

"बाजूचे बघ किती छान आलेत."

"ते साधे आहेत."

घरही साधं झालं होतं. शेजारच्या बायका येईनाशा झाल्या; उलट आपली पोरं तिच्यापासून लांब ठेवायला लागल्या, आजार लागेल म्हणून. तंगडी पुन्हा बापाच्या ताटात गेली. बाळाला दात येत होते, तारवीला झोप नव्हती, आणि तिचं जुनं वाक्य परत आलं होतं: "वेनिंग, बाहेर जा." तारवीच्या कपाळावर मात्र नवे केस भुरभुरायला लागले होते, मी सांगितलं होतं तसेच.

मी तारवीला म्हटलंसुद्धा, "पोरीला जरा जवळ घे." ती म्हणाली, "माझे हात दोनच आहेत गं." ते खोटं नव्हतं.

ऑगस्टमध्ये, आमच्याकडच्या कोरड्या हंगामात, थंडीने कहर केला. मी शनिवारीच मुक्कामाला गेले होते. रविवारी पहाटे गियांतोच्या ओरडण्याने जाग आली. रात्रीत दव गोठलं होतं. विषाचं दव म्हणतो आम्ही त्याला. ऊन लागायच्या आत पाणी मारून ते धुतलं नाही तर बटाट्याचा पाला जळून काळा पडतो आणि हंगाम बुडतो. सगळं गाव नळ्या ओढत, बादल्या आपटत शेतात धावत होतं. मीही बादली उचलली. तारवी बाळाला काखोटीला मारून धावली. त्या गडबडीत वेनिंगचं अंथरूण रिकामं आहे हे कुणाच्या ध्यानात आलं? कुणाच्याच नाही.

वरच्या वाफ्याच्या टोकाशी काहीतरी उभं दिसलं. मला आधी बुजगावणं वाटलं.

अनवाणी उभी होती ती. झोपायचा फ्रॉक, स्वेटर नाही, टोपी नाही. पायाखाली पांढरं गोठलेलं गवत. पिंपातल्या पाण्याने तिने डोकं भिजवून घेतलं होतं. कडेचे नवे केस काट्यांसारखे ताठ झाले होते आणि मधल्या गुळगुळीत गोलावर पाण्याचे थेंब तसेच थिजले होते. ओठ निळे. दात इतके वाजत होते की मला लांबून ऐकू आले.

बादली माझ्या हातातून पडली. "वेनिंग! अगं, काय करतेयस हे?"

मी तिला उचलायला गेले तर तिने मला ढकललं. रागावली होती माझ्यावर.

"थांब ना बुदे. अजून नाही आला."

"काय नाही आला?"

"ताप," ती म्हणाली. शब्द तुटत होते. "आधी ताप येतो. मग जट येते. मग सगळे..." पुढे तिला बोलता येईना, जबडाच वाजत होता. "थोडंच थांबू दे. येईल आता."

आम्ही सगळे तिच्या डोक्याकडे बघत होतो, मीसुद्धा, मी तर सगळ्यात जास्त. आणि सहा वर्षांच्या पोरीने आपलं गणित कधीच सोडवलं होतं: जट असेल तर मांडी, नाही तर अंगण.

मागे पावलं वाजली. तारवी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे, पण ऐकलं होतं तिने, सगळं. शेतात गियांतो तिला हाका मारत होता, "तारवी, नळी धर! ऊन येतंय!" काखेतलं बाळ तिने न बघताच माझ्याकडे दिलं. पडलं असतं, कसंबसं पकडलं मी. मग ती त्या गोठलेल्या गवतात मटकन बसली, वेनिंगला खाली ओढलं आणि तिचे दोन्ही पाय आपल्या झग्याखाली उघड्या पोटाला लावले. त्या गारठ्याने तिचं सगळं अंग एकदा शहारलं, पण तिने ते पाय सोडले नाहीत.

"आई," वेनिंग म्हणाली, "बाळ रडतंय."

"रडू दे," तारवी म्हणाली.